ही गल्ली पुढे निघते का?

बीदरच्या जुन्या शहरात नवखा माणूस गाडी घेऊन शिरला, की पाच-दहा मिनिटांत कुणाला तरी हा प्रश्न विचारायची वेळ त्याच्यावर येते. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, दख्खनीत विचारा, ओट्यावर बसलेल्या माणसाला तिन्ही कळतात. उत्तरंही ठरलेली असतात. निघते. निघते, पण गाडी जाणार नाही. नाही निघत, मागे फिरा.

रस्त्यांच्या जाळ्याचा अभ्यास करणारे गणिती आणि नगररचनाकार हाच प्रश्न सगळ्या शहराला घालतात. शहरातल्या किती गल्ल्या पुढे निघतात, किती अडतात आणि शहर वाढत गेलं तसतसं हे प्रमाण कुठल्या दिशेने सरकलं? बीदर आणि कलबुर्गी या दोन शहरांत या प्रश्नाचं सहाशे वर्षांचं उत्तर जमिनीवर लिहिलेलं आहे. ते वाचायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की चांगल्या-वाईट रस्त्यांबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा डांबराबद्दल बोलत असतो. रस्ता कशाला जोडला आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. खड्डा वर्षभरात बुजवता येतो. चुकीच्या जागी अडलेली गल्ली शंभर वर्षं तशीच राहते.

सुरुवात चौबाऱ्यापासून करू. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४३०च्या सुमारास राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला आणली. जांभ्या दगडाच्या पठाराच्या कडेवर किल्ला बसवला आणि त्याच्या दक्षिणेला तटाच्या आत शहर वसवलं. या शहराच्या मध्यावर दोन मुख्य रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. त्या छेदावर ७१ फूट उंचीचा गोल बुरूज उभा आहे, आत ८० पायऱ्यांचा वळणदार जिना. हाच चौबारा. त्याच्या उत्तरेला बहमनी वजीर महमूद गवानाचा १४७२चा मदरसा आणि पुढे किल्ला, दक्षिणेला फत्ते दरवाजा आणि हैदराबादची वाट. या दोन रस्त्यांनी शहराचे चार भाग पडले आणि चार भागांच्या चार तालमी झाल्या : सिद्दीकशाह, नूरखान, मणियार आणि पनसाली. बुरुजावरून चारही दिशांना नजर जाते, आणि पायी जाणाऱ्यालाही शहरात कुठेही हरवलं तरी मान वर करून मध्य सापडतो.

दख्खनला ही मांडणी नवी नव्हती. वारंगळच्या काकतीय राजधानीत चार तोरणांमधून चार दिशांना वाटा जातात. बीदरनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १५९१मध्ये, हैदराबादचा चारमिनारही असाच चार रस्त्यांच्या छेदावर उभा राहिला. चार वाटा एकत्र आणून तिथे खूण उभी करायची, म्हणजे शहराला नाभी मिळते, ही समज या प्रदेशात फार खोल मुरलेली होती.

पण त्या चार भागांच्या आत शिरलं की चित्र बदलतं. तिथे सरळ रेघ सापडत नाही. गल्ली वळते, अरुंद होते, दुसऱ्या गल्लीच्या पोटात जाऊन थांबते, मध्येच एखादी बोळ एका घराच्या दारात संपते. जुन्या शहराचं कौतुक करताना आपण हे विसरतो, म्हणून मुद्दाम सांगतो : जुनं बीदर म्हणजे सगळं सगळ्याला जोडलेलं शहर नाही. बंद बोळ तिथेही भरपूर आहेत आणि त्या चुकून झालेल्या नाहीत. एका कुटुंबाची, एका जमातीची, एका धंद्याची घरं एका बोळीभोवती असायची. परका माणूस आत आला की लगेच लक्षात यायचा. बोळीचं तोंड म्हणजे जणू सामाईक उंबरठा होता. फरक आहे तो लांबीचा. जुनी बंद बोळ चार-सहा घरांची असते. तोंडाशी आलं, की माणूस पुन्हा जाळ्यात येतो. मोठ्या रस्त्यांनी शहर जोडायचं आणि छोट्या बोळींनी घर राखायचं, अशी ही दुपेडी वीण होती.

शहराबाहेर पडायला मात्र मोजक्याच वाटा होत्या. मंगळपेठ, फत्ते, दुल्हन, तळघाट आणि शहागंज असे शहराच्या तटाला पाच दरवाजे. तळघाट हे नावच सांगतं, की ही वाट पठारावरून खाली उतरते. बरीदशाही सुलतान अली बरीदने १५५५ ते १५५८ या काळात हा तट नव्याने बांधून काढला. आपल्या भागात या तोंडाला मराठी माणूस वेस म्हणतो, कन्नड माणूस अगसी म्हणतो आणि बीदरच्या बोलीत तो दरवाजा असतो. तीन भाषांनी एकाच गोष्टीसाठी आपापला शब्द इतका जपून ठेवला, यावरून तिचं महत्त्व कळतं. रशियाहून आलेला अफानासी निकितिन हा व्यापारी १४७०च्या आसपास बीदरमध्ये राहिला होता. त्याने लिहून ठेवलं आहे, की सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे आहेत, दरवाजात पहारेकरी बसतात, लेखनिक बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद होते. रात्री शहरात दिवे घेऊन घोडेस्वार गस्त घालतात. जाळ्याच्या भाषेत सांगायचं तर राज्यकर्त्याने जोडण्या मुद्दाम कमी ठेवल्या होत्या, कारण प्रत्येक जोडणीवर त्याला पहारा, जकात आणि नोंद ठेवायची होती. कमी वाटा म्हणजे जास्त ताबा, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे. पुढे तो वेगळ्या रूपात भेटणार आहे.

आता थोडं गणित. रस्त्यांच्या जाळ्याचा अभ्यास सुरू होतो तो लिओनहार्ट ऑयलर या गणितीच्या १७३६च्या एका कोड्यापासून. कोनिग्सबर्ग शहरात नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का, असा प्रश्न होता. ऑयलरने पुलांची लांबी, नदीची रुंदी, सगळं बाजूला सारलं. कुठल्या जागेला किती वाटा फुटतात, एवढंच मोजलं आणि उत्तर दिलं : येणार नाही. शहर म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, ही दृष्टी तिथून आली.

आपणही तसंच मोजू. ज्या ठिपक्याला एकच रेघ येते ती बंद गल्ली. तीन रेघा आल्या तर तिठा, चार आल्या तर चौक. समजा, तीन आडवे आणि तीन उभे असे नऊ चौकोन असलेली चौकटीची वसाहत आहे. तिच्यात १६ ठिपके आणि २४ रेघा येतात. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सर्वांत जवळच्या वाटेने जायचं तर एक नाही, दोन नाही, २० वेगवेगळ्या वाटा निघतात. एखाद्या रस्त्यावर मांडव पडला, गटार उपसायला घेतलं, तरी कुणाचं काही अडत नाही. आता तेच १६ ठिपके झाडाच्या फांद्यांसारखे जोडा : एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. फक्त १५ रेघांत काम भागतं. पण आता कुठूनही कुठेही जायला एकच वाट उरते. एक रेघ तुटली की तिच्यापलीकडचं सगळं तुटलं. चौकटीत एका ठिपक्याला सरासरी तीन रेघा मिळतात, झाडात दोनहूनही कमी. चौकटीत नऊ बंद वेढे असतात, झाडात एकही नाही. चौकट आणि झाड यांत फरक पडतो तो २४ आणि १५ यांमधल्या त्या नऊ रेघांमुळे. रस्त्याच्या खर्चात त्या फारशा महाग नसतात.

म्हणजे चौकटच बरी आणि झाड वाईट, असा सरळ निकाल देता येत नाही. जिथून सगळे जाऊ शकतात तिथून भरधाव वाहनंही जातात. पोरं दारात खेळतात तिथे कुणाला परकी गाडी नको असते, हे मला पटतं. पण पायी जाणाऱ्याचं, सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलीचं, भाजीच्या हातगाड्याचं अंतर वाढतं ते या नऊ रेघा गेल्यामुळेच. दोन घरांच्या पाठी एकमेकींना लागून असाव्यात, मधलं अंतर ५० मीटर असावं आणि रस्त्याने जायला ९०० मीटर पडावेत, तर माणूस पायी जाणं सोडतो आणि दुचाकीला किक मारतो.

आता शहर वाढतं तेव्हा काय होतं ते पाहू. इटलीत मिलानच्या उत्तरेकडे ग्रोआने नावाचा पट्टा आहे. १८३३पासून २००७पर्यंतचे त्याचे जुने-नवे नकाशे एकावर एक ठेवून एमान्युएले स्त्रानो, मार्क बार्थेलेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना वाढीच्या दोनच क्रिया सापडल्या. एक, रस्ता मोकळ्या रानात पुढे सरकतो. दोन, असलेल्या रस्त्यांच्या मधली जागा छोट्या जोडरस्त्यांनी भरत जाते. आधी फांदी फुटते, मग जाळी भरते. आणि दोनशे वर्षांपूर्वीचे रस्तेच आजही त्या जाळ्याचा कणा आहेत.

बीदरमध्ये हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. शहराच्या उत्तर आणि पूर्व अंगाला पठाराची कड तुटते, त्या बाजूला वाढायला जागाच नाही. मग शहर दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकलं. १९०१च्या जनगणनेत साडेअकरा हजारांच्या आत असलेली बीदरची वस्ती २०११मध्ये दोन लाखांच्या पुढे गेली. ही माणसं पाच दरवाजांतून बाहेर पडलेल्या वाटांच्या कडेने बसत गेली. उदगीरचा रस्ता, हुमनाबादचा रस्ता, हैदराबादचा रस्ता, नौबाद, चिद्री, मैलूर. पूर्वीची गाडीवाट आज मुख्य रस्ता झाली आणि दोन रस्त्यांच्या मधला त्रिकोण कितीतरी वर्षं ज्वारी-तुरीचं शेतच राहिला. हे त्रिकोण आता भरत आहेत. पण मिलानजवळ भरले तसे जोडरस्त्यांनी भरत आहेत का? माझ्या मते नाही, आणि याचं कारण सर्व्हे नंबरात दडलेलं आहे.

त्याआधी कलबुर्गीकडे वळायला हवं, कारण तिथे गोष्ट वेगळी आहे. ते बहमनींचं पहिलं ठाणं, १३४७पासूनचं. किल्ल्यात १३६७ची, उघडं अंगण नसलेली, संपूर्ण छताखालची जामा मशीद. पण बीदरसारखी एकच नाभी या शहराला नाही. सूफी संत ख्वाजा बंदेनवाज १४२२मध्ये वारले आणि त्यांच्या दर्ग्याभोवती दुसरं केंद्र तयार झालं. एकोणिसाव्या शतकात शरणबसवेश्वरांचं देऊळ झालं, रथोत्सव सुरू झाला, तिसरं केंद्र आलं. १८७०-७१च्या सुमारास सोलापूरहून रायचूरकडे जाणारा मुंबई-मद्रास लोहमार्ग गावाजवळून गेला आणि रेल्वे स्टेशन हे चौथं केंद्र झालं. १८८०च्या दशकात महबूबशाही कापड गिरणी निघाली. उरसाची गर्दी, जत्रेची गर्दी, पाळीवर जाणाऱ्या कामगारांची गर्दी, आगगाडीची गर्दी या चारही दिशांनी ये-जा करायची. त्यामुळे कलबुर्गीच्या जुन्या नकाशात एका जागेतून फुटलेल्या फांद्यांपेक्षा एकमेकांना आडवे छेदणारे रस्ते अधिक. सगळे रस्ते एकाच ठिकाणी नेणाऱ्या शहरापेक्षा असं शहर वाढीचा ताण जास्त सोसतं, असं मला वाटतं.

रेल्वेने मात्र देताना घेतलंही. रूळ ही अशी रेघ आहे, की ती दूरच्या दोन गावांना जोडते आणि जवळच्या दोन गल्ल्यांना तोडते. रुळांच्या दोन्ही बाजूंना वस्ती वाढली, पण ओलांडायच्या जागा मोजक्याच. पूर्वी फाटक, आता उड्डाणपूल किंवा रुळांखालचा बोगदा. शेकडो गल्ल्यांची रहदारी त्या दोन-चार चिंचोळ्या तोंडांत कोंबली जाते. जाळ्याचे अभ्यासक यासाठी एक साधं मोजमाप करतात : शहरातल्या सगळ्या ठिकाणांच्या जोड्या घ्यायच्या आणि त्यांच्यामधल्या जवळच्या वाटांपैकी किती वाटा अमुक एका रेघेवरून जातात ते मोजायचं. रेल्वेपुलाचा आकडा नेहमीच प्रचंड निघतो. पुलाच्या दोन्ही टोकांना चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकानं आणि रिक्षाथांबे का दाटतात, याचं उत्तर त्या आकड्यात आहे. आळंद, हुमनाबाद, सेडम आणि जेवर्गी या दिशांना गेलेल्या रस्त्यांची बाहेरची टोकं जोडायला कलबुर्गीला पुढे रिंग रोड आला. त्याने जड वाहनं शहराबाहेर काढली हे खरं. पण शहर त्याच्याही पलीकडे गेलं, आणि शहराला वळसा घालणारा रस्ता शहराच्या पोटात आला की तोही रुळांसारखाच वागू लागतो.

आता सर्व्हे नंबर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाच्या राज्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली आणि शेतांना नंबर पडले. शेताची हद्द ठरली ती ओढा, बांध, खडक, भाऊबंदांची वाटणी यांवरून. त्या वेळी पाणंद कुठून जाते आणि गाडीवाट कुठून जाते, याचीही नोंद गावनकाशात तुटक रेघांनी झाली. मोजणी शेतसाऱ्यासाठी होती. दीडशे वर्षांनी या बांधांवरून शहराचे रस्ते ठरणार आहेत, हे तेव्हा कुणाच्या मनात येणार?

आज होतं ते असं. मैलूरजवळ म्हणा किंवा कलबुर्गीत सेडम रस्त्याला म्हणा, एखाद्याची चार-पाच एकर जमीन असते. तो ती बिगरशेती करून घेतो आणि लेआउट पाडतो. १९६१च्या कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली तो लेआउट मंजूर व्हावा लागतो. आत तीस फुटी, चाळीस फुटी रस्ते, बाग, नागरी सोयीची जागा, सगळं कागदावर असतं. जमिनीचा तुकडा मात्र लांबट असतो. एक चिंचोळी बाजू मुख्य रस्त्याला, बाकी तिन्ही बाजूंना दुसऱ्यांचे बांध. मग मधून एक रस्ता, त्याला दोन्ही बाजूंनी काटकोनात गल्ल्या आणि प्रत्येक गल्ली बांधाशी जाऊन थांबते. हे माशाच्या काट्यासारखं चित्र म्हणजे आपल्या हिशेबातलं झाड. चार वर्षांनी शेजारची जमीनही बिगरशेती होते. तिचा मालक वेगळा, आराखडा काढणारा वेगळा. त्याच्या गल्ल्या पहिल्याच्या गल्ल्यांसमोर येत नाहीत, दहा फूट अलीकडे पडतात किंवा वीस फूट पलीकडे. जिथे रस्ता निघायचा तिथे कुणाच्या तरी प्लॉटची पाठ येते. मधे भिंत उभी राहते. प्रत्येक लेआउट आतून नीटनेटका, काटकोनांचा, नकाशात छान दिसणारा. पण दोघांना मिळून एक गाव होत नाही.

हे लिहिताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते पाणंदीचं. शेजारच्या दोन शेतांमधून बैलगाडी जाईल एवढी ती सामाईक वाट शेतकऱ्यांनी शतकभर सांभाळली. कधी भांडून, कधी कोर्टात जाऊन, पण सांभाळली. पेरणीला आणि राशीला ती लागायचीच. शेतं जाऊन प्लॉट पडले, की ती पाणंद कुणालाच लागत नाही. एका बाजूने कुंपण सरकतं, दुसऱ्या बाजूने राडारोडा पडतो. शहराला फुकट मिळालेला, सगळ्यांच्या मालकीचा, गावनकाशावर नोंदलेला जोडरस्ता असा हरवतो. नव्या लेआउटांना एकमेकांशी जोडायला याहून चांगला धागा दुसरा नव्हता.

ही तक्रार एकट्या बीदरची नाही. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी आधी अमेरिकेतल्या आणि मग २०२०मध्ये जगभरातल्या रस्त्यांची अशी मोजदाद प्रसिद्ध केली. बंद गल्ल्या किती, चौक किती, वळसा किती, यांवरून त्यांनी तुटलेपणाचा एक निर्देशांक बनवला. जगाच्या बऱ्याच भागांत १९७५नंतर घातलेले रस्ते त्याआधीच्या रस्त्यांपेक्षा अधिक तुटक निघाले. अमेरिकेत हे तुटलेपण विसाव्या शतकात वाढत गेलं आणि १९९४च्या सुमारास शिगेला पोचून मग थोडं उतरलं. पण त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच आहे : एकदा घातलेलं जाळं जवळजवळ बदलत नाही. घरं पाडून पुन्हा बांधली जातात, दुकानाच्या जागी दवाखाना येतो, पण रस्त्याची रेघ हलत नाही, कारण तिच्या दोन्ही बाजूंना शेकडो मालक उभे असतात. १६६६च्या आगीत लंडन जळून गेलं तेव्हा सरळ रस्त्यांचे देखणे आराखडे तयार झाले होते. शहर उठलं ते बरंचसं जुन्याच गल्ल्यांवर. राखेतही प्रत्येकाला आपली हद्द ठाऊक होती.

अमेरिकेतल्या या बंद गल्ल्यांमागे एक सद्हेतू होता, हेही सांगायला हवं. न्यू जर्सीत १९२९मध्ये रॅडबर्न नावाची वसाहत उभी राहिली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी गाड्यांसाठी बंद गल्ल्या ठेवल्या, पण गल्लीच्या बंद टोकाच्या मागून बागेत जाणाऱ्या पायवाटा काढल्या. गाडी अडावी, माणूस अडू नये. पुढे नक्कल करणाऱ्यांनी बंद गल्ल्या उचलल्या आणि पायवाटा सोडून दिल्या. आपल्याकडच्या लेआउटांत बंद टोकाशी सहा फुटांची पायवाट ठेवायला कितीशी जागा लागते?

जोडणीचं मोल कळायला शहराच्या बाहेरचं एक उदाहरण फार बोलकं आहे. बीदर आणि कलबुर्गी ही शेजारची जिल्ह्याची ठिकाणं, अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत. पण आगगाडीने जायचं तर २०१७पर्यंत आधी विकाराबादला जावं लागे, तिथून वाडी आणि मग कलबुर्गी. दुपटीहून मोठा वळसा. २९ ऑक्टोबर २०१७ला हुमनाबादवरून जाणारा सुमारे ११० किलोमीटरचा सरळ मार्ग खुला झाला. जाळ्यात एक रेघ वाढली आणि फांद्यांच्या जागी एक वेढा तयार झाला. या एका रेघेने फक्त दोन शहरं जवळ आली नाहीत. भालकी, हुमनाबाद, उदगीर या सगळ्यांची कलबुर्गीपर्यंतची अंतरं बदलली. वेढा पुरा करणारी रेघ नेहमीच तिच्या लांबीपेक्षा जास्त काम करते.

उलटंही घडतं. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदर जिल्ह्यातले तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. त्या दिवशी एकही रस्ता खोदला नाही, एकही पूल पाडला नाही. तरीही जाळं बदललं. कोर्ट, कचेरी, जिल्हा दवाखाना, कॉलेज यांसाठी बीदरकडे तोंड करून असलेल्या गावांनी तोंड फिरवलं, आधी उस्मानाबादकडे आणि १९८२नंतर लातूरकडे. ज्या वाटेने लोक जात नाहीत तिची डागडुजी मागे पडते. सीमेवर आजही एकाच वाटेची दोन रूपं दिसतात. मोठ्या रस्त्यावरून गावाची वाट फुटते त्या जागेला इकडे क्रॉस म्हणतात, तिकडे फाटा किंवा पाटी. सोयरिकी, देवदर्शन, बाजार हे मात्र नव्या हद्दीला जुमानत नाहीत. माणिकनगरला आणि गाणगापूरला येणाऱ्या मराठी माणसांनी या वाटा पायाखाली ठेवल्या म्हणून त्या राहिल्या, असं म्हणायला हरकत नाही.

मग शहराच्या त्रिकोणांचं करायचं काय? आपल्याकडे याचं एक जुनं उत्तर आहे. १९१५च्या मुंबई नगररचना कायद्याने नगररचना योजना ही पद्धत आणली. शेजारच्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, बांध विसरून रस्त्यांची रेघ आखायची आणि मग प्रत्येकाला थोडा कमी पण चांगल्या आकाराचा, रस्त्याला लागलेला भूखंड परत द्यायचा. जमीन कुणाचीच पूर्ण जात नाही, रस्त्याचा भार सगळे वाटून घेतात. गुजरातने ही पद्धत चालू ठेवली आणि अहमदाबादचा मोठा भाग तिच्यातून उभा राहिला. वेळ फार लागतो, भांडणं होतात, सगळं खरं. पण एकेका सर्व्हे नंबरावर एकेक माशाचा काटा काढत बसण्यापेक्षा ती भांडणं मला परवडणारी वाटतात. तेवढं जमत नसेल तर निदान मंजुरी देताना शेजारच्या मंजूर नकाशावर नवा नकाशा ठेवून पाहावा. दोन गल्ल्या समोरासमोर आणायला एक पेन्सिल आणि अर्धा तास लागतो. भिंत उठल्यावर तेच काम कुणाच्या बापाला होत नाही.

गल्ली बांधापर्यंत आणली तरी काम संपत नाही, याचं एक कारण फार कमी लोकांना ठाऊक असतं. रस्ता जिथे शेजारच्या जमिनीला भिडतो तिथे जमीनमालक कधी कधी एक-दोन फुटांची पट्टी स्वतःच्या नावावर ठेवतो. नकाशात ती नजरेत भरत नाही. पण शेजाऱ्याला आपला रस्ता जोडायचा झाला, की त्या पट्टीच्या मालकाकडे जावं लागतं, आणि तो सांगेल ती किंमत द्यावी लागते. इंग्लंडमध्ये अशा पट्टीला खंडणीची पट्टी म्हणतात. १९६१च्या केंब्रिजमधल्या एका गाजलेल्या निकालात तिची किंमत ठरली : जोडणी मिळाल्याने पलीकडच्या जमिनीचं मोल जेवढं वाढेल त्याचा तिसरा हिस्सा. एका पावलाच्या जमिनीला एवढा भाव येतो, कारण ती रेघ पुरी करायची की नाही हे तिच्या हातात असतं. सुलतानाच्या दरवाजातल्या पहारेकऱ्यालाही हेच ठाऊक होतं.

म्हणून बीदरला किंवा कलबुर्गीला कुणी नातेवाईक प्लॉट पाहायला चला म्हणतात, तेव्हा मी सातबाऱ्याच्या जागी इकडे असलेली पहाणी पाहतो, मंजूर लेआउट पाहतो आणि त्याबरोबर जुना गावनकाशाही मागतो. तुटक रेघांची पाणंद कुठून जाते ते बोटाने शोधतो. मग प्लॉटवर न थांबता गल्लीच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत जातो. तिथे बहुतेक वेळा भिंत असते, आणि बहुतेक वेळा भिंतीत एक खिंडार असतं. चार विटा काढलेल्या, खालची माती पायांनी गुळगुळीत झालेली. पलीकडे शाळा असते, किराणा दुकान असतं, बसथांबा असतो. वसाहतीला कुठली रेघ हवी होती, हे शोधायला नकाशाची गरज नसते, ते खिंडार ती जागा दाखवतं. तिथे दप्तर घेऊन वाकून येणाऱ्या पोराला विचारलं, की बाळा, ही गल्ली पुढे निघते का, तर तो हातानेच दाखवतो आणि निघून जातो.